घरचे आधण

कसबा बावड्यात आमच्या शेताच्या कडेला जिथे गुऱ्हाळ होते, तिथे आता चार मजली इमारत उभी आहे. गूळ शिजवायच्या चुलवाणाच्या जागी रहिवाशांच्या मोटारसायकली लावलेल्या असतात. मी संध्याकाळी त्याच रस्त्याने फिरायला जातो, थांबत नाही. तरी दिवाळीनंतर थंडी पडू लागली की उकळत्या रसाचा वास येतो. तो कुठूनही येत नसतो, हे मला ठाऊक असते.

मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. वडिलांच्या पश्चात शेतीची वाटणी झाली. निम्मी थोरल्या भावाकडे गेली, निम्मी माझ्याकडे आली. गुऱ्हाळ मात्र सामाईक राहिले. हंगामात आधी दादाचा ऊस गाळला जाई, मग माझा. दादाला शेतीवाचून दुसरी मिळकत नव्हती. मला पगार होता. हा फरक त्या काळी मला फार मोठा वाटत नसे.

नव्वदच्या दशकातली ही हकिकत आहे. तेव्हा बावड्याच्या शिवारात गुऱ्हाळे बरीच होती. पहाटे चरक सुरू होई. रस मोठ्या काहिलीत पडे, खाली वाळक्या चिपाडांचा जाळ लागे. काहीलभर रसाचा गूळ होईपर्यंतच्या एका खेपेला आधण म्हणत. दिवसाकाठी तीन-चार आधणे निघत. गूळ तयार झाला की निवायला पसरट वाफ्यात ओतून घोटायचा, साच्यात भरायचा, आणि तीस किलोची ढेप बाहेर काढायची. तिला आमच्याकडे रवा म्हणतात. रविवारी शाळेतले सहकारी सायकलींवरून येत. केळीच्या पानावर कोमट गूळ, ओले खोबरे आणि भाजलेले शेंगदाणे. राजकारणावर वाद होत, हात चिकट होत, आणि कोणालाही घरी जाण्याची घाई नसे. इतके निवांत बसणे मला पुढे कधी जमले नाही.

दर हंगामात एक आधण घरचे म्हणून निघे. त्यात पावडर घालायची नाही, असा रिवाज होता.

पावडर म्हणजे हायड्रॉस. पत्र्याच्या डब्यातून येई, पांढरी असे, आणि झाकण उघडले की आगकाडी ओढल्यासारखा वास सुटे. उकळत्या रसात ती टाकली की काळपट रस डोळ्यांदेखत पिवळा होतो. बाजाराला पिवळा गूळ हवा असे. तो पिवळेपणा फार टिकत नाही. पावसाळ्यापर्यंत गूळ पुन्हा काळवंडतो. पण मार्केट यार्डात लिलाव होई त्या सौद्याच्या सकाळपर्यंत टिकला की काम झाले. म्हणून विकायच्या प्रत्येक आधणात पावडर पडे, आणि वर्षभर घरात खायचे एक आधण तेवढे तिच्यावाचून होई. त्याचा गूळ तपकिरी असे. प्रत्येक गुऱ्हाळवाल्याच्या घरी हीच रीत होती आणि तिच्यात कोणाला काही वावगे दिसत नसे. मलाही दिसले नाही. गंधकाच्या वायूने फुलाचा रंग कसा उडतो, हा प्रयोग मी दरवर्षी वर्गात करून दाखवीत असे. मुलांनी प्रयोगाच्या वहीत निरीक्षण न घेताच उत्तर लिहिले, तर सगळा प्रयोग पुन्हा करायला लावी. संध्याकाळी गुऱ्हाळावर जाई आणि पिवळ्या रव्यांची थप्पी मोजून घरी येई.

आमचा गुळव्या सीमेकडच्या एका खेड्यातला होता. रस केव्हा ढवळायचा, काहील केव्हा उतरवायची, हे ठरविणारा तो. गुऱ्हाळ त्याच्या शब्दावर चाले. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात कानडी, आमच्याशी मराठी. दादाला तो अण्णा म्हणे, माझ्या पत्नीला अक्का, मला मास्तर. घड्याळ त्याने कधी वापरले नाही. चिमूटभर पाक पाण्यात टाकून त्याची गोळी करी आणि ती काहिलीच्या काठावर मारी. टणक आवाज आला की हात वर करी. मग चार माणसे धावून काहील उचलीत. जंगली भेंडीची झाडे ठेचून त्यांचे चिकट पाणी तो रसात सोडी. रसातली घाण, म्हणजे मळी, वर येई, ती तो झाऱ्याने अशी काढी की एक थेंब रस वाया जात नसे. त्या कामात मी तासन् तास त्याच्याकडे पाहत उभा राहिलो आहे. वर्गात मला जी शिस्त हवी असे, ती त्याच्या हातात होती.

एका हंगामात दादाच्या मुलीचे लग्न ठरले. स्थळ गारगोटीजवळचे, शेतकरी घर, त्यांचेही गुऱ्हाळ. दोन्हीकडे गूळ पिकतो, तेव्हा एकमेकांना एकेक रवा मानाने द्यायचा असे ठरले. माझ्या पत्नीने सुचविले, "घरच्या आधणातला देऊ या. पोरगी खाईल तरी."

दादा म्हणाला, "आणि त्यो काळा रवा मांडवात मांडायचा व्हय? लोकं म्हंतील, बावडेकरांचा गूळ करपला जणू."

पिवळाधमक रवा निवडला, नव्या कापडात बांधला, हळदकुंकू लावून मांडवात ठेवला. व्याह्यांकडूनही तसाच आला. त्यांचा आमच्याहून थोडा अधिक पिवळा होता. दादाला ते लागले. लग्न उरकल्यावर पत्नीने विचारले, "ह्या रव्याचं काय करायचं?"

"उद्या टेम्पो जायाचाच हाय सौद्याला," दादा म्हणाला. "टाक त्यात."

पाडव्याला पुतणीला माहेरी आणायला मी गेलो. विहीणबाईंनी पोळीबरोबर गूळ वाढला. तो तपकिरी होता. मी व्याह्यांकडे पाहिले. ते मोकळ्या स्वभावाचे गृहस्थ.

"काय बघतासा मास्तर? तुमचा न्हवं त्यो. तुमचा रवा तिसऱ्या दिवशी सौद्याला गेला की!"

मी म्हणालो, "तुमचा दुसऱ्याच दिवशी गेला."

"म्हंजी तुमी आमच्या पुढं एक दिवस!" असे म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. दारात पुतणी उभी होती, तीही हसली. मीही हसलो. खोटे कशाला सांगू, पुष्कळ हसलो.

परतीच्या एसटीत पुतणी खिडकीशी डोके टेकून झोपली आणि मला विचार करण्यास वेळ मिळाला. दोन घरांनी एकमेकांना मानाने जे दिले, ते दोघांनीही खाण्याजोगे मानले नव्हते. आणि ते दोन्ही रवे शेवटी ज्याच्या घरी पोहोचले असतील, त्याला आमच्यापैकी कोणीही ओळखत नव्हते. कोल्हापूर येईपर्यंत माझे हसू गेले होते.

पुढच्या हंगामात दादाचा ऊस संपला आणि माझी पाळी आली, तेव्हा मी गुळव्याला सांगितले की माझ्या आधणांत पावडर घालायची नाही.

"कुठल्या आधणात?"

"माझ्या वाट्याच्या सगळ्या."

तो चुलवाणाशी उकिडवा बसला. एक चिपाड जाळात सारले. मग म्हणाला, "मास्तर, काळा दिसंल."

"दिसू दे."

"तुमचं चालंल. तुमचा पगार एक तारखेला येतो. त्याचा रंग कोण बघतंय? माझं तसं न्हाय. यार्डात रवा फोडला की पैलं इचारत्यात, गुळव्या कोण?"

"मी सांगेन, माझ्या सांगण्यावरून केले म्हणून."

"बरं," तो म्हणाला.

त्या 'बरं'चा अर्थ मी होकार असा घेतला. शाळेत माझ्यापुढे कोणी 'बरं' म्हटले की प्रश्न संपलेला असे. समोरचा माणूस पटले म्हणून 'बरं' म्हणतो, की दुसरा इलाज नाही म्हणून, हे पाहण्याची सवय मला नव्हती.

दादा चिडला. "शाळंतलं शाळंत ठेव. हितं वर्ग भरलेला न्हाय." पण ऊस माझा होता. त्याने जास्त ताणले नाही.

गुळव्याने काम मात्र कसूर न ठेवता केले. भेंडी दुप्पट ठेचली, मळी चार वेळा काढली, जाळ घालणाऱ्यावर दिवसभर ओरडत राहिला. गूळ निघाला तो पिकल्या चिकूच्या गराच्या रंगाचा. त्याने एक खडा तोंडात टाकला, डोळे मिटले. "देवाम्होरं ठेवावा असा झालाय," म्हणाला. मी त्याला इतके समाधानी फार थोड्या वेळा पाहिले.

सौद्याच्या सकाळी मी शाळेतून रजा घेऊन यार्डात गेलो. अडतीच्या दुकानापुढे रव्यांच्या रांगा मांडलेल्या होत्या. सगळीकडे पिवळे, मध्ये आमची एक रांग तपकिरी. व्यापाऱ्यांचा घोळका बोली करीत पुढे पुढे सरकत होता. आमच्यापाशी आला आणि थांबला.

"ह्यो गूळ हाय का पेंड?" एकाने विचारले.

दुसरा म्हणाला, "मास्तरांचा हाय न्हवं? फळा पुसायचा फडका पडला आसंल काहिलीत!"

सगळे हसले. मी पुढे होऊन स्पष्ट आवाजात सांगितले की यात पावडर नाही. खाण्यास हाच गूळ चांगला. घोळक्यात एक वयस्क व्यापारी होते. त्यांनी खडा चाखला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि सौम्यपणे म्हणाले, "मास्तर, ते मला कळतंय. माझ्या घरात हाच खात्यात. पण माझं गिऱ्हाईक लांब गुजराथेत हाय. त्याला पिवळा लागतो. तुमी तिकडं जाऊन वर्ग घ्या, मी हितं दर देतो."

त्या दिवशीची सर्वांत कमी बोली आमच्या रांगेवर लागली. घोळका पुढे गेला. जाता जाता कोणीतरी विचारले, "गुळव्या कोण हो ह्यांचा?" आणि एका हमालाने गुळव्याचे नाव सांगितले. मी म्हणालो, त्याचा दोष नाही, माझे सांगणे होते. ऐकायला तिथे कोणी थांबलेले नव्हते. माझा तोटा मी सोसू शकत होतो. घरी चहा घेतला आणि दुपारच्या तासांना शाळेत गेलो.

चार दिवसांनी नदीपलीकडच्या गावचे एक गुऱ्हाळवाले मोटारसायकलवरून आले. आमचे काम संपल्यावर गुळव्याने त्यांच्याकडे जायचे, असे दिवाळीलाच ठरले होते. शिमग्यापर्यंतचे काम होते. ते चुलवाणाशी उभे राहिले. गुळव्या काहील ढवळीत होता.

"गड्या, वय झालं तुजं," ते म्हणाले. "रवा बघितला यार्डात. औंदा मी दुसरा बघितलाय."

गुळव्याचा हात थांबला नाही. "बरं," तो म्हणाला.

हा 'बरं' मला या खेपेस कळला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सायकलने त्यांच्या गावी गेलो. त्यांनी चहा दिला, आदराने बसविले. मी सगळे समजावून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"मास्तर, तुमी सांगतासा ते खरं आसंल. पण माझा गूळ यार्डात मांडल्यावर शेजारी तुमी येऊन उभं ऱ्हाणार हायसा का सांगायला? तिथं रवा बोलतो. माणसाचं कोण ऐकतंय?"

"त्याच्या हातात कसब आहे. तुम्हाला माहीत आहे."

"हुतं," ते म्हणाले.

परत येताना नदीच्या पुलावर मी सायकलवरून उतरून चालत आलो. मी माझे हात स्वच्छ ठेवण्याचे ठरविले होते, आणि ते ज्या पाण्याने धुतले ते दुसऱ्याच्या घागरीतले निघाले. गुळव्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्याच्या घरी दोन मुली लग्नाच्या होत्या, हे मला पत्नीकडून कळले. त्याने तिला कधीतरी सांगितले होते, मला नाही. आमच्याकडे माझ्या उसाची तीन आधणे राहिली होती. त्यानंतर त्याला काम नव्हते.

दादाला मी हे सांगितले. तो वैरण टाकीत होता. मागे न वळता म्हणाला, "त्याचं भलं करायचं आसंल, तर इलाज तुज्याच हातात हाय. यार्डात भाषणं नगं करू."

इलाज काय, हे मला त्याआधीच कळले होते. कोणीतरी तो बोलून दाखवायला हवा होता, इतकेच.

मी शहरात जाऊन डबा घेऊन आलो. शनिवारी सकाळची शाळा करून दुपारी गुऱ्हाळावर गेलो. काहील उकळत होती. माझ्या हातातला डबा पाहून गुळव्या उठला.

"द्या हिकडं, मास्तर."

"नको. मी घालतो."

"तुमी?"

"माझे आधण आहे. किती घालायची?"

तो कितीतरी दिवसांनी हसला. "मास्तर तुमी, आन् मला इचारतासा? मुठीनं घालायची. मागं सरा, वाफ येईल."

मी झाकण काढले. मूठ भरली आणि उकळत्या रसावर टाकली. तपकिरी फेसात आधी एक पिवळी रेघ उमटली. ती रुंद होत गेली, आणि बघता बघता सगळी काहील पिकल्या लिंबासारखी उजळली. ते दृश्य सुंदर होते, आणि मला ते सुंदर वाटले. हे लपविण्यात अर्थ नाही. इतकी वर्षे मी ती क्रिया फळ्यावर लिहीत आलो होतो. गुळव्या ढवळीत होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "बास," एवढेच म्हणाला.

तीनही आधणांत पावडर मीच घातली. गुळव्याला डब्याला हात लावू दिला नाही. त्यामुळे त्याचे काही हलके झाले असेल असे नाही; पण मला दुसरे काही सुचले नाही.

त्या गुळाला यार्डात त्या दिवसाची वरची बोली लागली. चष्मेवाले व्यापारी पुढच्या रांगेकडे वळले. फडक्याची थट्टा करणाऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "आता कसं, मास्तर! ह्याला म्हंत्यात गूळ!" नदीपलीकडचे गुऱ्हाळवाले तिथेच होते. त्यांनी रवा बोटांनी दाबून पाहिला, वास घेतला आणि मला म्हणाले, "सोमवारी लावून द्या त्याला आमच्याकडं."

सोमवारी गुळव्या गेला. पत्नीने त्याच्यासोबत भाकऱ्या दिल्या. टेम्पोत मागे बसून त्याने तिला हात जोडले, मग मला. माणसाचे नाव परत मिळाले होते. मला वाटले, विषय संपला.

पुढच्या दिवाळीनंतर तो नेहमीच्या दिवशी आला नाही. आठवडाभर वाट पाहून मी त्याच्या गावी गेलो. एसटी फाट्यावर सोडी. तिथून अर्धा तास पायी. घर स्वच्छ सारवलेले होते. त्याच्या पत्नीने ज्वारीची भाकरी आणि दूध दिले. जेवण होईपर्यंत त्याने कामाचा विषय काढू दिला नाही.

मग म्हणाला, "औंदा तुमच्याकडं येत न्हाय, मास्तर. वाईट वाटून घिऊ नगासा."

मी कारण विचारले.

"दुसरीकडं मी पावडर घालतो, मला काय वाटत न्हाय. गुळव्याचं कामच हाय त्ये. तुमच्या काहिलीत घालताना हात आखडंल. आन् न घालता तर चालत न्हाय. मग कशाला यायाचं?"

"घालू नकोस. तोटा मी सोसेन."

"तुमी सोसशीला. मी किती सोसू?"

त्याच्यातला जो सहजपणा होता तो मी काढून घेतला होता, आणि त्याच्या बदल्यात त्याला देण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते. असा गुळव्या मला पुन्हा मिळाला नाही.

तो मला फाट्यापर्यंत पोहोचवायला आला. वाटेत उसावर बोलत राहिला. मला बरे वाटावे म्हणून असेल. युरिया निम्म्यावर आणा. ओढ्याकडेच्या खारट पट्टीतला ऊस काहिलीत घालू नका, तो रंग मारतो. तो बियाण्याला किंवा वैरणीला काढा. तोडलेला ऊस त्याच दिवशी गाळा, शिळा ठेवू नका. बियाणे बदला.

"रंग आपसुक उजाळतो," तो म्हणाला. "पर तीन-चार वर्सं लागत्यात. एवढा दम कुणाला हाय?"

मला होता. दम कसला, पगार होता.

त्याने सांगितले तसे मी केले. दुसरा गुळव्या आला. तो सांगितलेले करी आणि प्रश्न विचारीत नसे. यार्डात माझ्या रांगेला 'मास्तरांचा काळा' असे नाव पडले. दर वर्षी कमी बोली लागे, दर वर्षी मी ती घेई. लोक याला तत्त्वनिष्ठा म्हणू लागले. एका समारंभात माझा त्यावरून सत्कार करण्याचे घाटत होते. मी नकार दिला. ज्याला महिन्याच्या एक तारखेची खात्री आहे, त्याने कमी बोली घेणे यात मिरविण्यासारखे काय आहे, हे मला कळले नव्हते. दादाने तोवर आपला ऊस कारखान्याला घालायला सुरुवात केली. साखर पांढरी होते तीही गंधकाच्या धुरानेच. धडा शिकविताना मी ते सांगत असे. तिथे ते भिंतीआड होते आणि कोणाला आपल्या हाताने मूठ भरावी लागत नाही. दादाला मी काही बोललो नाही. त्याच्या घरचा चहा साखरेचाच असे, आणि मी तो रोज पीत होतो.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच हंगामात, म्हणजे दोन हजार सालानंतर, एका आधणाचा रंग उजळ निघाला. पावडरीचा पिवळा नव्हे, ताज्या मधासारखा. नवा गुळव्यादेखील काहिलीपाशी जरा थांबला. मी दोनदा खात्री करून घेतली. कोणी चोरून काही टाकलेले नव्हते.

यार्डात रवा मांडला. फडक्याची थट्टा करणारे व्यापारी आता पिकल्या केसांचे झाले होते. त्यांनी रव्यावर बोट फिरविले.

"वा, मास्तर! पावडर कुठली वापरली? चांगली दिसत्या."

"घातलेली नाही."

"आता आमास्नी बी शिकवतासा व्हय?" त्यांनी शेजाऱ्याला डोळा मारला. "पेन्शनीवर आलं आन् मास्तर सुदीक शानं झालं बगा!"

सगळे हसले. मी दुसऱ्यांदा सांगितले नाही. बोली चांगली लागली; आणि ती पावडरीचा गूळ म्हणूनच लागली.

त्यातला एक रवा मी विकला नाही. आमच्या भागातून सीमेकडे माल नेणारा एक टेम्पोवाला ओळखीचा होता. त्याच्याबरोबर तो रवा गुळव्याच्या घरी पाठविला. गुळव्याने तोवर काम सोडले होते; गुडघे गेले होते. निरोप दिला नाही, चिठ्ठी लिहिली नाही. रवा बोलेल, असे मला वाटले.

आठवड्याने टेम्पोवाला दारात आला. पत्नी बाहेर आली, मीही आलो.

"दिला का?"

"दिला की. म्हाताऱ्यानं तिथंच फोडला. उजेडात धरून बघितला. मग तोंडात टाकला आन् बसला चघळत. मी म्हंटलं, मला जायाचं हाय, मास्तरांस्नी काय सांगू?"

"काय म्हणाला?"

"म्हंटला, पावडर न्हाय हे जिभंला कळतंय. रंग बरा हाय. एक उकळी आदी उतरवाय पायजे हुता."

"आणखी काही?"

"आनी काय न्हाय. च्या पाजला."

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन त्याच आधणातल्या गुळाचा खडा फोडून पाहिला. दाताला किंचित कडक लागत होता. एक उकळी जास्तच झाली होती. त्याचे म्हणणे बरोबर होते.